हिरवी पट्टी

बाबांनी मला हट्टाने फार्मसीला घातलं. मला बँकेत जायचं होतं, पण "आपल्या मेडिकलमध्ये उद्या कोण उभं राहणार?" असं म्हणत त्यांनी माझं तोंडच बंद केलं. चरफडत शिकले, पास झाले आणि काउंटरवर त्यांच्या शेजारी उभी राहिले. तेव्हा बाबांना कोण आनंद! मला वाटलं होतं, आता ते घरी आराम करतील. छे! सकाळी माझ्याआधी चपला घालून तयार.

परवा शेजारच्या काकू रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. बाबांनी कप्प्यातून हिरवी पट्टी काढून पिशवीत घातली. माझं सहज लक्ष गेलं. त्या साखर उतरवायच्या गोळ्या होत्या. कंपनीने वेष्टनं बदलली होती. आधी हिरवी असलेली रक्तदाबाची पट्टी आता निळी यायची. काकूंना मधुमेह नाहीच. त्या गोळ्या खाऊन कुठे चक्कर येऊन पडल्या असत्या, तर जिवावरच बेतलं असतं. मी धावत जाऊन पिशवी परत घेतली आणि त्यांना बरोबर गोळ्या दिल्या.

काकू गेल्यावर मी बाबांवर भडकलेच. "नाव वाचायला काय होतं हो तुम्हाला? हे घ्या, वाचा बघू!"

बाबांनी पट्टी जवळ धरली, लांब नेली, उजेडात तिरकी केली.

"नाही गं दिसत," ते म्हणाले. "डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले. तू पास होईपर्यंत रंगांवर निभावत होतो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. रोज संध्याकाळी "निकाल कधी गं?" म्हणून माझं डोकं खायचे, ते यासाठी! मला रडूच फुटलं.

"अहो, मग मी पास झाल्यावर तरी उठायचं ना बाबा!"

"उठून जाऊ कुठे?"

तेवढ्यात एक बाई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन आली. बाबांनी सवयीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. मी तो हात धरला. जोर लावावा लागला.

"बाबा, नको."

मी काउंटरची फळी वर उचलली. बाबा कडेकडेने चाचपडत बाहेर गेले आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. मी फळी खाली टाकली, डोळे पुसले आणि चिठ्ठीवरचं औषधाचं नाव दोनदा वाचलं.