कोणीच जायचं नाही, असं ठरलं होतं

मित्रांनो, मी एक जुना आडोसा आहे.

आडोसा म्हणजे नेमकं काय, हे सांगणं अवघड आहे. कपाट म्हणावं तर मला दार नाही. खोली म्हणावं तर छप्पर नाही. टेबल म्हणावं तर माझ्यावर आजवर कोणी चहाचा कपसुद्धा ठेवलेला नाही. मी म्हणजे पाइनच्या लाकडाच्या तीन भिंती, मधे एक पडदी, आणि पडदीच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन फळ्या. निवडणुकीच्या दिवशी माणूस माझ्या आत उभा राहतो, मतपत्रिकेवर फुली मारतो, आणि तेवढा वेळ मी त्याला झाकतो. माझं सगळं कर्तृत्व एवढंच.

इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या हेबरथ्वेट गावात, नगरपालिकेच्या सुतारखान्यात माझा जन्म झाला. मला घडवणारा सीरिल ड्यूहर्स्ट हा खरं तर बागेतली बाकं बनवणारा सुतार. त्यामुळे माझ्यात बाकाचा अंश उतरला आहे. मला पाहिलं की लोकांना बसावंसं वाटतं, आणि बसायला जागा नसते. सीरिलने माझ्या दोन्ही फळ्यांना सुतळीने एकेक पेन्सिल बांधली. आमच्याकडे देश कोणाच्या हाती द्यायचा हे लोक एकमेकांवर विश्वास ठेवून ठरवतात. पण पेन्सिलीच्या बाबतीत कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही.

मोठी निवडणूक चार-पाच वर्षांनी येते, आणि नेहमी गुरुवारी येते. अधूनमधून एखादी छोटी निवडणूक असते, पण तिला लोक फिरकत नाहीत. उरलेले सगळे वार मी नगरपालिकेच्या तळघरात काढतो. तिथे माझ्या सोबतीला नाताळच्या दिव्यांच्या माळा आहेत आणि नाक तुटलेला एक प्लास्टरचा महापौर. महापौर बोलत नाही. दिव्यांना दर वर्षी बाहेर नेतात, आणि परत आल्यावर ते गावच्या गप्पा सांगतात. पण लुकलुकत सांगतात, त्यामुळे अर्ध्याच कळतात. एकदा एक नगरसेवक मला थोपटून "भक्कम आहे हो" म्हणाला होता. मित्रांनो, त्या तीन शब्दांवर मी फार वर्षं काढली.

झाकणं हे फार एकटेपणाचं काम आहे. माणसं माझ्याकडे येतात ती एकेकटी, आणि मनातलं ठरवून झालं की मागे न बघता जातात. म्हणून मला जी दोन माणसं जोडीने मिळाली, त्यांच्याबद्दल सांगतो.

नॉर्मन बॅरक्लफ बस चालवायचा आणि पक्का मजूर पक्षाचा होता. त्याची बायको एनिड हिचं केस कापायचं दुकान होतं आणि ती तितकीच पक्की हुजूर पक्षाची. लग्न झाल्यावर पहिल्याच निवडणुकीत दोघांच्या लक्षात आलं की आपण मत दिलं काय आणि न दिलं काय, सारखंच. त्याने एक द्यायचं, तिने एक द्यायचं, आणि फिट्टंफाट व्हायची. मग उगाच पायपीट कशाला? दोघांनी हातात हात देऊन ठरवलं की कोणीच जायचं नाही. घरी बसून चहा प्यायचा. आमच्याकडे अशी ठरवाठरवी बऱ्याच घरांत होते.

त्या गुरुवारी संध्याकाळी माझ्या डाव्या बाजूला एक माणूस शिरला आणि उजव्या बाजूला एक बाई शिरली. मधे पडदी. माणूस खोकला.

"नॉर्मन?" पडदीपलीकडून आवाज आला.

याने पुढचा खोकला गिळला.

"नॉर्मन, हा खोकला मी ओळखते."

"मी कुत्र्याला फिरवायला निघालोय."

"इथे?"

"त्याला आवडतं इथे."

"आणि कुत्रा कुठाय?"

"बाहेर बांधलाय. तू ब्रेड आणायला गेली होतीस ना?"

"चाललेच आहे."

"ब्रेड डावीकडे मिळतो. इथे नाही."

"तुझं लिहून झालं की सांग, मग बघू ब्रेडचं."

मग दोघंही फुली मारून, मान वर करून, एका दाराने बाहेर पडली आणि एका कुत्र्याबरोबर घरी गेली.

तुम्हाला वाटेल, इथे हे प्रकरण संपलं असेल. नाही. पुढच्या निवडणुकीला त्यांनी पुन्हा तेच ठरवलं, पुन्हा हातात हात दिला, आणि पुन्हा दोघंही चोरून आली. मग ती रीतच पडली. तो डावीकडे, ती उजवीकडे. कुत्रे बदलले, पंतप्रधान बदलले, नॉर्मनची बस आणि एनिडचं दुकान दोन्ही सुटलं, पण शब्द मोडायच्या बाबतीत दोघं एकमेकांना कधी चुकली नाहीत. बाकीच्या लोकांना मी झाकत होतो. या दोघांच्या मधे मी नुसता उभा राहत होतो, आणि ते मला फार आवडायचं.

मग ते युरोपाचं भांडण आलं. सार्वमत झालं आणि गाव दुभंगलं. बाहेर पडायचं म्हणणारे एकीकडे आणि आत राहायचं म्हणणारे दुसरीकडे. आमच्या गावात दोन भाऊ मिळून एक मटणाचं दुकान चालवतात. त्यांनी बोलणंच बंद केलं. थोरला फक्त डुकराचं मटण विकायला लागला आणि धाकटा फक्त मेंढीचं. ज्याला दोन्ही हवं त्याला दोनदा रांग लावावी लागे.

त्यानंतरच्या निवडणुकीत पडदीआडून जे बोलणं झालं ते मी शब्दशः सांगतो.

"नॉर्मन, पुढच्या वेळी मी तुझ्या पक्षाला देणार बघ," एनिड म्हणाली. "माझ्यांना वेड लागलंय. घर सोडून निघालेत, आणि जायचं कुठे ते माहीत नाही."

"आमच्यांत येऊ नकोस," नॉर्मन म्हणाला. "मी तिथे नसेन."

"म्हणजे?"

"मी तुझ्यांना द्यायचं म्हणतोय. युरोपातून बाहेर काढतील तर तेच काढतील. माझे नुसते उंबऱ्यावर उभे."

पलीकडे पेन्सिल फळीवर पडली. मग एनिड इतकी हसली की माझी बिजागरं हलली. "म्हणजे इतकी वर्षं भांडून आपण एकमेकांना पटवलं की रे!"

"आणि तरी फिट्टंफाट."

केंद्राध्यक्ष पिकल्सबाईंनी तेव्हा दोघांना शांत राहायला सांगितलं. त्यांचा नाइलाज होता. नियमच तसा आहे.

पुढची वेळ फार लवकर आली, आणि आली ती डिसेंबरात. डिसेंबरात कधी निवडणूक होत नाही, त्यामुळे मतदान जिथे होतं तो चर्चचा हॉल मुलांच्या ख्रिस्तजन्माच्या नाटकाला आधीच दिलेला होता. गोठा उभा राहिला होता आणि गोठ्याशेजारी चादरीचा एक उंट. उंट हलवला तर त्याची मान निखळते असं कळल्यावर पिकल्सबाईंनी त्याच्या कुबडावर 'मतदान इकडे' असा बाण चिकटवला. दिवसभर लोक उंटाला वळसा घालून देशाचं भवितव्य ठरवत होते. कोणीही हसलं नाही. त्या वर्षी कोणी हसतच नव्हतं.

दुपारीच अंधारून आलं आणि नॉर्मन आला. एकटा. त्याच्या कोटाचं एक बटण चुकीच्या काजात होतं, आणि ते कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं. पिकल्सबाईंनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "एनिडचं ऐकलं मी. वाईट वाटलं." तेव्हा मला कळलं. दिव्यांनी कदाचित सांगितलं असेल आधी; मला नीट दिसलं नसेल.

तो डाव्या बाजूला उभा राहिला. पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. मग सवयीने पडदीकडे तोंड करून म्हणाला, "झालं का तुझं?"

"नाही अजून," पलीकडून एका सायकलवाल्या तरुणाचा आवाज आला. "जरा वेळ लागेल."

"तुम्हाला नाही म्हटलं."

"सॉरी."

"नाही, सॉरी मीच."

"नाही नाही, सॉरी."

तरुण फुली मारून निघून गेला आणि उजवी बाजू रिकामी झाली. नॉर्मन हलक्या आवाजात त्या रिकाम्या बाजूशी बोलायला लागला.

"कोणीच जायचं नाही, असं ठरलं होतं. या वेळी तू शब्द पाळलास, एनिड. पहिल्यांदाच पाळलास. आणि मी बघ, नेहमीसारखा लबाड."

मी झाकत होतो. मला दुसरं काही येत नाही.

"मी ठरवलंय तसं दिलं तर फिट्टंफाट करायला तू नाहीस. आजवर माझं मत काय मत होतं? घराबाहेर पडायच्या आत तू ते पुसून टाकायचीस. म्हणून मी वाट्टेल ते बोलायचो. आता ते मोकाट सुटणार. आणि मी चुकत असलो तर? तुझंच खरं असलं तर? तुझ्या मनासारखं देऊ का? पण मग माझं कोण देणार? सांग ना. एरवी आंघोळीलासुद्धा गप्प बसायची नाहीस."

रांग उंटापर्यंत गेली होती. कोणीतरी घसा साफ केला. पिकल्सबाई हळूच जवळ आल्या.

"नॉर्मन, माफ करा हं, पण एका बाजूला एका वेळी एकच माणूस असावा लागतो."

"मोजा," नॉर्मन म्हणाला. "एकच भरतोय."

पिकल्सबाई मोजायला थांबल्या नाहीत. त्या वळल्या आणि उगाचच उंटाचा बाण सरळ करायला लागल्या. तो सरळच होता.

नॉर्मनने मतपत्रिकेची घडी घातली. कोरीच. मी इतक्या वर्षांत इतक्या घड्या पाहिल्या, पण इतकी व्यवस्थित घडी कोणी घातलेली पाहिली नव्हती. तो पेटीपाशी गेला आणि ती घडी फटीवर धरून उभा राहिला. आता सोडली असती तर ठरल्यासारखं झालं असतं. तिचं नाही, त्याचंही नाही. फिट्टंफाट. घरी जाऊन त्याने एकट्याने चहा केला असता, आणि त्यानंतर तो माझ्याकडे पुन्हा कधी आला नसता. हे मला कुठून कळलं ते विचारू नका. लाकूड ओलीने फुगतं, तशा त्याला काही गोष्टी आतून कळतात.

त्याने हात मागे घेतला आणि परत आला. या वेळी उजव्या बाजूला.

"नॉर्मन, झालं ना तुमचं?" पिकल्सबाईंनी विचारलं.

"नाही. कोरीच टाकत होतो."

"तेही चालतं."

"आमच्या घरी चाललं नसतं."

उजव्या बाजूला तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा होता. ती बाजू डावीसारखीच आहे. सीरिलने दोन्हींत काही फरक केला नव्हता. तरी त्याने फळीवरून एकदा हात फिरवला. घडी उलगडली. सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली, त्यातल्या एका नावाला "हा गाढव" म्हणाला. मग पेन्सिल घट्ट धरली आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याचा आवाज त्याच्या स्वतःसारखा आला.

"हे तुला पटणार नाही, एनिड," तो म्हणाला, आणि त्याने फुली मारली.

कोणाला मारली ते मी सांगणार नाही. तुम्ही ओळखलं असेल तर तो तुमचा प्रश्न. मी आडोसा आहे. एवढंच सांगतो की त्याने ती बस थांबवल्यासारखी, सगळं वजन टाकून मारली. कागद पातळ होता आणि माझं लाकूड मऊ. फुली खाली माझ्या फळीत उतरली. कागद पेटीत गेला, त्यावरची नावं गेली, दुसऱ्या दिवशी कोणाची तरी मिरवणूक निघाली आणि कोणीतरी घरात बसून रडलं. फुली माझ्याकडे राहिली.

आता मी तळघरात आहे. नगरपालिकेने पुठ्ठ्याचे नवे आडोसे घेतलेत. ते हलके आहेत, घडी होतात आणि सतत पुढच्या निवडणुकीच्या गोष्टी करतात. मी त्यांना काही सांगत नाही. एक माणूस येऊन मला हात लावून गेला आणि म्हणाला, "याची एक बाजू खराब झालीय. घासून घेऊ, नाहीतर मोडीत काढू."

मित्रांनो, मोडीत काढलंत तरी माझी तक्रार नाही. माझ्यासारखी वस्तू कधी ना कधी जळणातच जाते. तुम्हाला सांगायचं आहे ते वेगळंच. तुमच्या घरात दर वेळी तुमच्याविरुद्ध बोलणारं, तुमचं मत तुमच्यासमोर पुसून टाकणारं कोणी असेल, तर त्याला जपा. त्याच्याशी रोज, पोटभर आणि चहा गार होईपर्यंत भांडून घ्या. ते माणूस गेल्यावर तुमचंच म्हणणं खरं ठरतं, आणि ते कोणाला सांगावं हे कळत नाही.

आणि घासायचंच असेल तर डावीकडून घासा. उजवीकडची फळी खराब झालेली नाही. तिथे एक माणूस बोलून गेलाय, आणि अजून कोणी त्याला उलटं उत्तर दिलेलं नाही.