चाकांची घोडी

ग्लायडर दोघांचं होतं आणि दोघांपुरतंच होतं. नवरा पुढे, बायको मागे. इंजिन नाही, त्यामुळे वर गेल्यावर भांडायलाही निवांतपणा मिळायचा. पण उडण्याआधी ते जोडावं लागे. लांबलचक पंख ट्रेलरमधून काढायचे, नवऱ्याने मुळाशी जोर लावायचा, बायकोने टोक धरून जरा वर, जरा खाली करायचं, की भोकं जुळून पिन आत. तिचं शिवणाचं दुकान होतं; रविवारी ते बंद ठेवून बावीस वर्षं तिने ते टोक धरलं. टोक धरेल त्याची मागची खुर्ची, हा घरचा कायदा.

यंदा तिचा उजवा खांदा धरला. "कुठे काय झालंय?" असं म्हणे आणि केस डाव्या हाताने विंचरी.  मग नवऱ्याने एकट्याने ग्लायडर जोडायच्या सामानाची, पंखाचं टोक पेलणाऱ्या चाकांच्या घोड्यांची पत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरली.

"ही हाताने फिरवायची घोडी, ही बॅटरीवरची," तो म्हणाला. "बॅटरीवरचीच घेऊ. बटण दाबलं की टोक वर, बटण दाबलं की खाली. कटकट नाही."

कटकट! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सवत आणायची तर निदान माणूस तरी आणावं! त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी लागली.

"हिची खाच आपल्या जुन्या पंखाला बसणार नाही," रात्री तेच पत्रक पुढे करत तो म्हणाला. "खाच वेल्डरकडून करून घेऊ. माप तू घे. तुझ्यासारखं माप कोण घेणार?"

तिने घेतलं. ट्रेलरमधल्या पंखाला पुठ्ठा लावून रेघ ओढली आणि कापताना दोन बोटं सैल सोडली, वाढत्या अंगाच्या मुलाला सोडतात तशी. डगमगू दे मेलीला. मग मलाच हाक मारतील.

घोडी आली, वेल्डरने त्या मापाची खाच लावून दिली आणि रविवारी मैदानावर पंख त्या खाचेत डुलायला लागला. नवरा बटण दाबी, पंख वर जाई, भोक चुके. खाली येई, तरी चुके. तो घामाघूम झाला. बाजूला घडीची खुर्ची टाकून बसलेल्या बायकोला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पण त्याने तिला हाक मारलीच नाही. त्याने वेल्डरला फोन लावला.

"माप चुकलं म्हणता? अहो, शुद्धीवर आहात का? तिचं माप जन्मात सूतभर चुकलेलं नाही! तुमचाच हात चुकलाय. पुन्हा तिच्या मापाला नाव ठेवलंत तर याद राखा!"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, त्यांना बोलू नका. मीच सैल कापलं."

"तू?"

"जळले मी त्या घोडीवर. टोक तिने धरलं तर मागे कोण बसणार?"

"घोडी बसणार आहे का मागे?" तो ओरडलाच. मग त्याने वेल्डरची माफी मागितली, चांगली दोनदा. फोन ठेवून त्याने ट्रेलरमधून नवा पुठ्ठा आणून तिच्या हातात दिला. "घे पुन्हा. गिऱ्हाइकाचं घेतेस तसं."

पंख घोडीवर उंच होता. तिचा हात अर्ध्यातच अडला आणि पुठ्ठा खाली पडला. त्याने तो उचलून पंखाला लावून धरला.

"दुखतोय हो खांदा," ती पहिल्यांदाच म्हणाली आणि डाव्या हाताने रेघ ओढू लागली.