तोट्यातल्या दहा गाड्या

कुंभिवलीच्या शोरूममध्ये विनिता विक्रीप्रमुख होती. गाडी खपली की श्रेय कंपनीचं, नाही खपली की चूक विनिताची, अशी कामाची सरळ वाटणी होती.

कंपनी जुनी. पन्नास वर्षं डिझेलच्या गाड्या काढून गब्बर झालेली. गेल्या वर्षी तिनं विजेची गाडी काढली आणि एक्सप्रेसवेवर दर दोन किलोमीटरला हिरवे फलक लावले. त्यांच्यावर एक गोड मुलगी फुलपाखराकडे बघत होती. गाडी कोपऱ्यात होती, नीट बघितलं तर दिसायची.

पाच महिन्यांत विनितानं विजेच्या दोन गाड्या विकल्या. एक शेलूच्या दातांच्या डॉक्टरला आणि दुसरी शोरूमच्या मालकाच्या मेहुण्याला. मेहुणा त्यानंतर बहिणीच्या घरी जेवायला आला नव्हता.

दर सोमवारी पुण्याहून विभागीय व्यवस्थापक ऋषिकेश व्हिडिओ कॉल लावायचा. वीस शोरूमची माणसं ऐकत असताना तो म्हणायचा, "कुंभिवली, दोनच? आमच्या सोसायटीचा वॉचमन याहून जास्त विकेल." सगळे हसायचे. विनिताही हसायची आणि मग दिवसभर तिला जेवण जायचं नाही. आपल्याला बोलताच येत नाही, असं तिला खरंच वाटायला लागलं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कशेळ्याचे चांगोकाका आले. साठीचे, पांढरा सदरा, पायात चपला. गाडीभोवती दोन चकरा मारून त्यांनी टायरला लाथ घातली.

"ही चार्ज कराया किती वेळ लागतो गं?"

"घरी आठ तास, काका."

"आमची भाताची गिरण हाय. पत्र्यावर सोलर बशिवलंय. गिरण चालते चार म्हैने, बाकी आठ म्हैने ऊन फुकट जातं. दहा दे."

विनिताला वाटलं, दहा मिनिटं मागतायत. तिनं चहा मागवला.

काकांना दहा गाड्याच हव्या होत्या. कर्जत स्टेशनवरून फार्महाऊसवर पाहुणे सोडायचा त्यांचा धंदा होता. पाच जुन्या जीप होत्या, त्या ते काढून टाकणार होते.

"डिझेल परवडत नाही का?" विनितानं विचारलं.

"डिझेल परवडतं. डायवर परवडत नाय. टाकी भरून द्यावी, तर संध्याकाळी अर्धी रिकामी. आता वीज बाटलीत भरून न्या म्हणावं लेको!"

एक जमीन नुकतीच विकलेली होती. काकांनी तिथंच पूर्ण रकमेचा चेक फाडला. विनितानं जाहीर किमतीची पक्की पावती दिली, दहा बुकिंग संगणकावर चढवली आणि अभिनंदनाच्या फोनची वाट बघत बसली.

फोन वीस मिनिटांत आला. ऋषिकेशचा होता. "दहा? तुला दहा विकायला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, डिझेलच्या गाडीतून. केबिनचं दार लावून त्यानं सगळं सांगितलं. बॅटरी परदेशातून येते, गाडीची जवळजवळ अर्धी किंमत तिच्यातच जाते. शिवाय इंजिनाचा जुना कारखाना चालू ठेवायचा आणि विजेचा नवा उभारायचा, दोन्हींचा खर्च एकदम. किंमत वाढवावी तर दुसरी कंपनी स्वस्तात विकायला बसलेलीच. त्यामुळे दर गाडीमागे दोन लाख दहा हजार तोटा.

"मग विकतो कशाला, सर?"

"नियम आहे. धूर सोडणाऱ्या मोठ्या गाड्या विकायच्या तर बिनधुराच्याही काही विकाव्या लागतात. नाहीतर दंड. यंदाचा आपल्या विभागाचा आकडा परवा पूर्ण झाला. आता प्रत्येक गाडी म्हणजे निव्वळ खड्डा. तरीही एक तारखेला किंमत वाढवतोय, तोटा थोडा तरी कमी होईल. म्हाताऱ्याला तोवर लटकव, नाहीतर डिझेलवर वळव. गाडीमागे पन्नास हजार सूट देतो."

काकांना बोलावलं. ऋषिकेशनं त्यांना घाबरवायला सुरुवात केली. घाटात बॅटरी उतरते, पावसात भीती असते, दुरुस्ती अवघड. साक्षीला त्यानं वर्कशॉपच्या सहदेवला हाक मारली. सहदेव तिथला सर्वात जुना मेकॅनिक होता आणि त्याला कुणी आधी पढवलं नव्हतं.

"सांगा यांना, किती नाजूक गाडी आहे."

"नाजूक?" सहदेवनं हात पुसले. "ऑइल नाय, फिल्टर नाय, क्लच नाय. हिला काय होतच नाय, सायेब. दोन आल्या सर्विसला, काचा पुसून परत धाडल्या. आशा शंभर गाड्या झाल्या तर आमी पोरांनी काय, टाळ कुटायचे?"

काका खूश झाले. ऋषिकेशचा तोल गेला. "अहो काका, एका गाडीमागं कंपनी दोन लाख दहा हजार पदरचे घालतेय!"

काका पुढे सरकले.

"म्हंजे मी गाडी घेतली की कंपनी रडते?"

"तसंच समजा."

"आरं बाबा," काका खुर्चीत मागे रेलले, "बियाणंवाल्यानं लुटलं, पंपवाल्यानं लुटलं, मोबाइलवाल्यानं तर रोज लुटलं. साठ वर्सांत पैल्यांदा कुणी कंपनी माझ्यापायी बुडाया निघालीय आनि तू म्हणतोस, नको घेऊ?" ते विनिताकडे वळले. "पोरी, गाड्या कधी देतेस?"

काका गेल्यावर ऋषिकेशनं तिला स्पष्ट हुकूम दिला. संगणक बिघडला सांग, बुकिंग रद्द कर, चेक परत दे.

विनिताला ते सगळे सोमवार आठवले. पाच महिने ती रोज स्वतःला दोष देत होती, आणि हा माणूस अशी गाडी विकायला लावून हसत होता जी आकड्यापेक्षा एकही जास्त विकली गेलेली त्यालाच नको होती. तिला आधी राग आला. मग राग ओसरून एकदम मोकळं वाटलं.

"करते रद्द," ती म्हणाली. "फक्त मला ईमेल करा, सर. विजेच्या गाड्या विकू नका, एवढं एक वाक्य."

 ऋषिकेशनं मोबाइल काढला, काहीतरी टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. बाहेर रस्त्यापलीकडच्या फलकावर ती मुलगी फुलपाखराकडे बघतच होती.

"असं लिहून कसं देणार?" तो शेवटी म्हणाला.

"मग मी कशी रद्द करणार?"

मागच्या यार्डात अकरा गाड्या प्लास्टिकखाली धूळ खात उभ्या होत्या. एकतीस मार्चच्या आत दहांचं पासिंग झालं. काकांनी अकरा नारळ आणले, दहा गाड्यांपुढे फोडले आणि अकरावा ऋषिकेशच्या हातात दिला.

मे महिन्यात पुण्याच्या हॉटेलात कंपनीचा समारंभ झाला. सर्वाधिक विजेच्या गाड्या विकल्याबद्दल पहिलं बक्षीस, विनिता, कुंभिवली. टाळ्या पडल्या. ऋषिकेशनंही वाजवल्या, हातांचा आवाज होऊ न देता.

जेवताना तिच्या शेजारी पन्नाशीची एक बाई येऊन बसली. हिशेबखात्याच्या प्रमुख माधवी मॅडम.

"कुंभिवली ना? तुझं गाव मला पाठ झालंय. एकवीस लाख."

विनितानं घास ताटात ठेवला. "मग बक्षीस का दिलं, मॅडम?"

"ते मार्केटिंगवाल्यांनी दिलं. आम्हाला कोण विचारतंय?" मॅडमनी कोशिंबीर वाढून घेतली. "बॅटरी स्वस्त झाली तर पाच वर्षांनी आपण सगळे दूरदर्शी ठरू."

"आणि नाही झाली तर?"

मॅडमनी चमच्यानंच स्टेजकडे दाखवलं. तिथं संचालक बॅटरीच्या आकाराचा हिरवा केक कापत होते आणि छायाचित्रकार त्यांना अजून थोडं हसायला सांगत होता.

केक मात्र चांगला होता. विनितानं दोनदा घेतला.