फोटोच्या मधोमध मी

मी बॅजर बोलतोय. जातीने टेरिअर, पायाने आखूड आणि हाकेला न येणारा. यातलं शेवटचं विशेषण विनीने दिलेलं. ते मी कधीच नाकारलं नाही.

माझा जन्म यॉर्कशरमधल्या एका मेंढपाळाच्या कोठारात झाला. उंदीर धरायचं सोडून मी मेंढ्याच पळवू लागलो, तेव्हा त्याने मला विनीच्या गळ्यात मारलं. विनी म्हणजे गावात टपाल वाटून म्हातारी झालेली एकटी बाई. तिने मला शिस्तीच्या वर्गात घातलं. बाकीची कुत्री शहाणी झाली.

विनीला फोटोंचं वेड. जूनमधल्या त्या दिवशीही आम्ही सकाळीच निघालो. ढग टेकडीवरून सरकावा म्हणून ती दगडी कुंपणाला टेकून ताटकळायची आणि तो सरकला की मी नेमका पुढे जाऊन बसायचो.

"अरे मेल्या, टेकडी दिसू दे की!"

नुसत्या टेकडीत बघण्यासारखं काय असतं, सांगा!

परतताना आम्ही गावच्या वेशीवर थांबलो. तिथल्या रस्त्याकडेच्या गवतात जांभळी ऑर्किडं फुलली होती. पूर्वी तिथे ऑर्किडचं एकच रोप होतं. बी पडेपर्यंत गवत कापू नका, म्हणून विनी दरवर्षी गावच्या समितीपुढे हात जोडायची. ती पोटावर आडवी होऊन फोटो काढू लागली, तोच गवत कापायच्या यंत्रावर बसून क्लिफर्ड आला. क्लिफर्ड समितीचा अध्यक्ष.

"ऊठ विनी. उद्या टापटीप गावाच्या स्पर्धेचे परीक्षक येतायत. वेशीवरच असं रान माजलेलं बरं दिसतं का?"

"रान काय म्हणतोस? फुलं आहेत ती!"

"फुलं कुंडीत असतात, बाई."

विनी उठली. मला राग आला, सरळ सांगतो. मी फुलांच्या मधोमध जाऊन आडवा झालो.

क्लिफर्डने यंत्र बंद केलं. दुसऱ्याच्या कुत्र्याला विचारल्याशिवाय हात लावणं हे आमच्या गावात चोरीच्या खालोखाल. त्यामुळे तो खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "विनी, जरा बोलावतेस का त्याला?"

"बोलावते की. बॅजर, ये."

एकदाच, तेही अगदी हळू. मग तिने थर्मास उघडला आणि क्लिफर्डला चहा दिला. चहा नाकारणं त्याला जमेना. दोघं कुंपणावर बसून हवापाण्यावर बोलले. मी हललो नाही. शेवटी पाऊस आला आणि क्लिफर्ड कुरकुरत घरी गेला.

बक्षीस दुसऱ्या गावाने नेलं. पुढे कित्येक दिवस बेकरीत विनीशी कुणी धड बोललं नाही. त्या दिवशीचा एक फोटो मात्र तिने हट्टाने गावच्या सभागृहात लावला. त्यात जांभळी फुलं आहेत आणि मधोमध माझं थोबाड.

आता माझे मागचे पाय गेलेत. जून आला की विनी मला उचलून वेशीवर नेते आणि त्याच जागी ठेवते. तिथे आता ऑर्किडं मोजायला गेलात तर थकाल. क्लिफर्ड अजूनही यंत्र घेऊन येतो, टोपी काढतो, विनीला विनंती करतो.

खुशाल हाका मारा. बी पडेपर्यंत मी इथून उठणार नाही. म्हातारपणी मला ऐकू येत नाही, हे आता गावाला पटलंय.

त्या दिवशी मात्र स्वच्छ ऐकू येत होतं.