पळवून नेलेल्या मुलीची खुर्ची

मित्रांनो, माझ्या मागच्या उजव्या पायाला एक लोखंडी पट्टी आहे. चार स्क्रूंनी बसवलेली, जराशी तिरकी. मला घडवणाऱ्याने माझ्या अंगात एकही खिळा ठोकला नव्हता, लाकडात लाकूड बसवून मला उभं केलं होतं. त्यामुळे ती पट्टी पाहून कोणी 'अरेरे' म्हटलं, की मला वाटतं, थांबा जरा. तिची हकीकत ऐका आणि मग काय ते म्हणा.

मी सागवानाची खुर्ची, पन्नाशी ओलांडलेली. मला हात नाहीत, आणि उंचीने मी इतर खुर्च्यांपेक्षा चांगली चार बोटं कमी आहे. यात मापाची चूक नाही. ज्या सुतारांनी मला केलं, त्यांची बायको ठेंगणी होती. शिंप्यांकडचे कपडे घरी आणून ती काजं करायची, बटणं लावायची. साध्या खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत आणि संध्याकाळपर्यंत कंबर धरे. सुतारांनी आठ दिवस ते पाहिलं. नवव्या दिवशी दोरी घेऊन तिच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं.

"अहो, माझं माप कशाला? मी काय टेबल आहे?" ती म्हणाली.

"पाय टेकले पाहिजेत," सुतार म्हणाले. "पाय जमिनीला टेकले की निम्मा शीण तिथेच उतरतो."

हात ठेवले नाहीत ते तिचं कोपर मोकळं राहावं म्हणून. लोकांची कपाटं आणि पलंग करता करता सुतारांचा जन्म गेला. स्वतःच्या घरासाठी त्यांनी केलेली वस्तू म्हणजे मी एकटी.

खिडकीपाशी माझी जागा होती. चाळीस वर्षं ती माझ्यावर बसली. शर्टाची काजं, कोटाची काजं, नातेवाइकांच्या बाळांच्या झबल्यांची बारीक काजं. दोरा दाताने तोडायची सवय होती तिला, आणि दरवेळी आतल्या खोलीतून सुतार ओरडत, "दात जातील हां!" मागे त्यांचा रंधा चालू असे, सर्रर्र, सर्रर्र. मग एका सकाळी रंध्याचा आवाज आला नाही, आणि त्यानंतर कधीच आला नाही. ती मात्र माझ्यावर बसतच राहिली. काम कमी झालं, डोळे कमी झाले, पण रोज सकाळी येऊन बसायची आणि माझ्या पाठीच्या पट्टीवरून बोट फिरवायची. एव्हाना ती साऱ्यांची मावशी झाली होती, म्हणून मीही तिला मावशीच म्हणते.

एका दुपारी तिची भाची आली आणि चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "मावशी, मी सिनेमा काढतेय!"

"काढ की. कोणी अडवलंय?"

"थरारपट. एका मुलीला पळवून नेतात आणि खुर्चीला बांधून ठेवतात."

"बाई गं! मग हिरो येऊन सोडवतो?"

"हिरो नाही."

"गाणी?"

"नाहीत."

"मग आहे काय त्यात?"

"एक मुलगी, एक पळवणारा, आणि फोनवर आईचा आवाज. तीनच माणसं." भाची माझ्याकडे बघत होती. "आणि एक खुर्ची."

मावशीचा हात माझ्या पाठीवर आला. भाचीने सगळं सरळ सांगितलं. शेवटी ती मुलगी बांधलेल्या अवस्थेत खुर्चीसकट उभी राहते आणि खुर्ची भिंतीवर आपटून मोडते, मोकळी होते. उभं राहता यायला पाय जमिनीला पक्के टेकायला हवेत, आणि पोरीचे पाय टेकतील अशी खुर्ची तिने सगळीकडे शोधली, पण अशी एकच होती. "मोडायची ती वेगळी गं. हलक्या लाकडाची, हुबेहूब करून घेतेय. तिचे सांधे आधीच करवतून ठेवणार. हिला धक्कासुद्धा लागणार नाही."

मावशीने पदराने माझी पाठ पुसली. मग म्हणाली, "जशी नेतेस तशी आणून दे. मला दुसरं काही नको."

"जशी नेते तशी. शब्द दिला."

अशी मी चाळीस वर्षांनी पहिल्यांदा घराबाहेर पडले, आणि तीही अपहरण होण्यासाठी.

चित्रीकरण एका बंद पडलेल्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होतं. मागची खोली. कोपऱ्यात कागदांच्या कातरणांचा ढीग, भिंतींना खळीचा आंबूस वास आणि उंचावर एकच खिडकी. ती इमारत पाडायची ठरली होती आणि खोलीची किल्ली नऊ दिवसांपुरतीच मिळाली होती. दहाव्या दिवशी तिथे भिंतच उरणार नव्हती.

माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पळवणारा झाला होता एक कंपाउंडर. मिशी लावली की भयंकर दिसायचा, पण जन्मभर मुलांना हळूच इंजेक्शन दिलेला माणूस. दोर आवळला की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "दुखत नाही ना बाळ?" भाची कपाळावर हात मारायची. "अहो, तुम्ही तिला पळवून आणलंय!" बांधलेली मुलगी पोस्टात काम करायची, रजा टाकून आली होती. कॅमेरा भाचीचा नवरा धरायचा, त्याला मावशी 'जावईबापू' म्हणायची आणि त्याला कधीही काही बोलायची नाही. आणि एक होती वहीवाली. कालच्या दृश्यात जे जसं होतं ते आज तसंच आहे ना, हे पाहणं तिचं काम. केसांची बट डावीकडे होती की उजवीकडे, पेला अर्धा होता की पाऊण, सगळं वहीत. ती इतकी चोख होती की एकदा माशी बसली तर म्हणाली, "काल माशी नव्हती."

राहिली फोनवरची आई. तो आवाज भाची स्वतःच द्यायला बसली होती. जावईबापू कानाला यंत्र लावून ऐकत आणि मान हलवत. "आईसारखा वाटत नाही गं. हुकूम सोडल्यासारखा वाटतो." ते काम तसंच मागे पडत राहिलं.

मावशी रोज सकाळी किटलीभर चहा घेऊन यायची. सगळ्यांना देऊन झाला की माझ्याभोवती एक फेरी मारायची. मला तिथे मजा वाटत होती, खोटं कशाला बोलू? चाळीस वर्षं मी खिडकीतून एकच गल्ली पाहिली होती. इथे माझ्यावर दिवे पडत होते. पोस्टातली माझ्या कानाशी रडायची आणि 'कट' म्हटलं की माझ्यावरच बसून मुठी भरून शेंगदाणे खायची.

सिनेमावाल्यांची रीत न्यारी. शेवट आधी काढतात आणि सुरुवात नंतर, जसा उजेड सापडेल तसं. पाचव्या दिवशी खुर्ची मोडण्याचं दृश्य लागलं. दुसरी खुर्ची आली होती, आणि रंग देणाऱ्याने अशी काही कमाल केली होती की तिच्याकडे बघून मलाच क्षणभर आपण आरशात बघतोय असं वाटलं. मावशीलाही तेच वाटलं असणार. तिने पिशवीतून काजाचा लाल दोरा काढला आणि माझ्या बैठकीखाली गाठ मारली. "लाल दोरा असेल ती माझी. ती आपटायची नाही. कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले. मावशी किटली विसळायला आणि परत भरून आणायला घरी गेली.

वहीवाली तेव्हा तिथे नव्हती. तिची बस चुकली होती. धापा टाकत आली, वही उघडली आणि गुडघ्यांवर बसून मला खालून न्याहाळू लागली. बैठकीखाली लाल दोरा लोंबत होता. तिने वहीत पाहिलं. काल दोरा नव्हता. आज कसा असेल? तिने कात्री काढली आणि कचकन कापून टाकला. मित्रांनो, तिच्याइतकं मन लावून काम करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तिने तिचं काम केलं होतं.

मग भाची आली, वाकून खाली पाहिलं. दोरा नाही. "हीच ती मोडायची," म्हणाली. "बांधा." उचललं असतं तर वजनावरून कळलं असतं, पण घाई होती, मला नुसतं ओढत नेलं. खरी मोडायची खुर्ची कोपऱ्यात चादरीखाली झोपली होती. मी ओरडणार कशाने?

पोस्टातली माझ्यासकट उभी राहिली आणि पाठीमागे भिंतीवर झेपावली. धाड! मी मोडले नाही.

"त्या नव्या सुताराने सांधे नीट कापलेले दिसत नाहीत," जावईबापू म्हणाले.

"परत! जोर लाव!" भाची म्हणाली.

धाड! पोस्टातलीच्या तोंडून किंकाळी निघाली ती खरीच होती. मी तरीही धरून राहिले. ज्यांनी मला घडवलं ते आपटण्यासाठी घडवत नव्हते, पण कच्चंही घडवत नव्हते.

"शेवटचं! सगळा जीव लाव!"

तिसऱ्या खेपेला माझा मागचा उजवा पाय गेला. काड्कन आवाज झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दृश्य फार छान झालं होतं. टाळ्या थांबल्या त्या कंपाउंडरमुळे. तो तुकडा हातात घेऊन उभा होता, आणि तुटलेलं लाकूड आतून गर्द तपकिरी होतं. "हे हलकं लाकूड नाही हो," तो म्हणाला. भाचीने धावत जाऊन कोपऱ्यातली चादर ओढली.

नेमकी तेव्हाच मावशी किटली घेऊन दारात आली.

कोणी काही सांगायची गरज नव्हती. वहीवाली हुंदके देत होती. "माझ्यामुळे झालं, दोरा मी कापला." मावशीने किटली खाली ठेवली. माझा पाय उचलला, त्याची एक ढलपी सुटली होती तीही शोधून उचलली, पिशवीत घातली. मग मला काखोटीला मारून निघाली. जावईबापू पुढे झाले, "मावशी, मी आणून पोचवतो." ती पहिल्यांदाच त्यांना बोलली. "तुम्ही नका हात लावू."

घरी तिने मला खिडकीपाशी भिंतीला टेकवून ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. दिवसभर.

दुसऱ्या दिवशी भाची आली. आत आली नाही, उंबऱ्यावरच बसली.

"मावशी, मी जशी नेली तशी आणून दिली नाही."

"दिसतंय मला."

"मी सिनेमा बंद करतेय. सुरुवातीची सगळी दृश्यं राहिलीत, पण ती दुसरी खुर्ची माणूस पेलणार नाही. आणि तुझ्याकडे परत मागायला माझं तोंड नाही."

मावशी उठली. माझ्या तुटलेल्या पायावरून तिने हात फिरवला, रेषेच्या बाजूने, सुतार फिरवायचे तसा. मग एकदम कडाडली, "बंद करतेस? मग ही मोडली कशासाठी? फुकट?"

भाचीने मान वर केली.

"माळ्यावर त्यांची पेटी आहे, ती काढ. सरसाचं भांडं बघ त्यात. तीस वर्षं फळ्यांचं दुसरं टोक मी धरलंय, मला येतं. बघतेस काय? चढ!"

दोघींनी मिळून मला जोडलं. सरस उकळला तसा घरभर तो जुना वास पसरला आणि मावशी थोडा वेळ नुसतीच भांड्यावर वाकून उभी राहिली. ढलपी जागेवर बसली, दोर आवळून रात्रभर ठेवली. पण सांधा डुगडुगत होता. तेव्हा पेटीच्या तळातून मावशीने लोखंडी पट्टी काढली. "त्यांना चाललं नसतं," ती म्हणाली. "म्हणायचे, लोखंडाला लाकडाचं काय कळतंय! पण ते नाहीत, आणि तुला रविवारी किल्ली द्यायचीय. पीळ तो स्क्रू." स्क्रू भाचीने पिळले. म्हणून पट्टी तिरकी आहे.

मी परत कारखान्यात गेले. या वेळी मावशीने स्वतः नेलं. पोस्टातली आधी बसायलाच तयार होईना. मावशी म्हणाली, "बस गं. बसण्यासाठीच आहे ती." सुरुवातीची दृश्यं आठव्या दिवशी संपली. उरला फक्त आईचा आवाज.

भाची कागद घेऊन बसली, वाचायला लागली, थांबली. कागद मावशीपुढे धरला. "तू म्हणतेस?"

"मला कुठे येतं नाटक करायला?"

"नको करूस."

मावशीने चष्मा लावून कागद पाहिला. त्यात दीड पान रडणं होतं. तिने तो घडी घालून खाली ठेवला. मग माझ्या पाठीच्या पट्टीवर हात ठेवला, आणि फोन कानाला लावून हळूच म्हणाली,

"तिला आणून द्या हो. आधी म्हणत होते, जशी नेली तशीच पाहिजे. आता नाही म्हणत. जशी असेल तशी आणा. मी बघेन पुढचं. पण आणा."

भाची 'कट' म्हणायला विसरली. कंपाउंडरने लावलेली मिशी काढून डोळे पुसले, कारण त्याला म्हणे मिशी टोचत होती.

सिनेमा एका छोट्या सभागृहात लागला, तोही चारच दिवस. तो संपल्यावर पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उभी राहून म्हणाली, "खुर्चीला सुरुवातीला पट्टी होती आणि शेवटी मोडताना नव्हती. असं कसं?" वहीवालीने तोंड झाकून घेतलं. मावशी मात्र मोठ्याने हसली. "बाळ, आम्ही आधी मोडली आणि मग जोडली. म्हणून तुला उलटं दिसलं."

या सगळ्याला बारा वर्षं झाली. तो कारखाना नाही, ती खोली नाही. मावशीही आता नाही. शेवटपर्यंत ती माझ्यावर बसून दारातून येणाऱ्याला पट्टी दाखवायची आणि म्हणायची, "हे स्क्रू माझ्या भाचीने पिळलेत. बघा कसे वाकडे!" आणि असं सांगायची जणू काही कोणी पदक लावलंय.

मित्रांनो, मी तुम्हाला वस्तू जपून वापरा असं सांगेन, पण ते तुम्हाला शाळेतही सांगतात. मी एवढंच जास्तीचं मागते. कोणाची वस्तू मागून न्याल आणि ती तुमच्या हातून मोडेल, तेव्हा ती चादरीखाली लपवू नका. तुकडे गोळा करा, बारीक ढलपीसुद्धा, आणि घेऊन दारात जा. उंबऱ्यावर बसावं लागलं तर बसा.

मी आता भाचीच्या घरी असते, खिडकीपाशीच. तिची मुलगी सहा वर्षांची आहे. रोज शाळेतून आली की धपकन माझ्यावर बसते आणि पाय खाली सोडते. अजून टेकत नाहीत. दोन बोटं कमी पडतात.

मला घाई नाही.