श्यामलीचं राखाडी पिल्लू

आमच्या ह्यांना, म्हणजे रावसाहेबांना, नीरथडी कुत्र्यांशिवाय दुसरा विषय नाही. नीरथडी म्हणजे उंच, सडपातळ, शिकारी जातीचा कुत्रा. रंग काळाच हवा, नाकापासून शेपटीपर्यंत. हा क्लबचा नियम, आणि क्लबचे अध्यक्ष हेच. डॉग शोमध्ये हे ओला पांढरा रुमाल घेऊन प्रत्येक कुत्र्याची पाठ घासतात, कुणी कलप तर लावला नाही ना ते बघायला. रुमाल धुवायचा मी, इस्त्री करायची मी. असो.

काळ्या जोडीच्या पोटी कधीतरी राखाडी पिल्लू येतं. क्लबात त्याचा अर्थ एकच, कुत्री गावभर उंडारून आली. मग क्लबच्या वहीतून तिचं नाव रद्द. म्हणून लोक काय करतात, तर राखाडी पिल्लू डोळे उघडायच्या आत पाण्याच्या बादलीत घालतात आणि गप्प बसतात.

विश्रांतवाडीचे बाबुराव गप्प बसले नाहीत. कारखान्यातून रिटायर झालेला सरळ माणूस. त्यांच्या मोगरीला आमच्या तुफानपासून पिल्लं झाली, त्यात एक राखाडी निघालं. गेल्या वर्षी ते थेट आमच्या कर्वेनगरच्या घरी आले.

"साहेब, मोगरी दाराबाहेर पडलेली नाही. आईची शपथ."

"बाबुराव, कुत्री काय तुम्हाला सांगून जाते?" हे म्हणाले.

मी जीवशास्त्राची मास्तरीण. उभी नोकरी फळ्यावर वाटाण्याच्या पिढ्या काढण्यात गेली. मला राहवेना. म्हटलं, "अहो, हा रंग आत दडून राहतो. आई आणि बाप, दोघांनीही दिला तरच वर दिसतो. म्हणजे आपल्या तुफानमध्येही..."

"तू जाऊन मटार सोल," हे म्हणाले. तेही पाहुण्यासमोर!

मोगरीचं नाव रद्द झालं. बाबुराव खाली मान घालून निघून गेले.

यंदा आमच्या श्यामलीची वेळ आली. जोडी तुफानशीच. ती माजावर होती तेव्हा तिला मागच्या गॅलरीत कोंडलेली, कुलूप ह्यांनी लावलेलं, किल्ली ह्यांच्याच खिशात. कपडे वाळत घालायलासुद्धा मला परवानगी काढावी लागायची.

भर दुपारी श्यामली व्याली. काळी पिल्लं भराभर आली. शेवटचं राखाडी.

"ओलं आहे, म्हणून तसं दिसतंय," हे म्हणाले. कपाटातून तो इस्त्रीचा रुमाल काढला आणि पिल्लाला पुसायला लागले. पिल्लू कोरडं झालं तसं आणखीच राखाडी दिसू लागलं. तरी ह्यांचा हात थांबेना. पिल्लू कळवळून ओरडलं, तेव्हा श्यामली गुरगुरली. ह्यांच्यावर ती कधी गुरगुरली नव्हती.

हे उठले. बाथरूममध्ये नळ सोडल्याचा आवाज आला. बादली भरत होते.

मला असा संताप आला म्हणून सांगू! पिल्लू पदरात घेतलं आणि बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिले.

"अहो, किल्ली कुणाकडे होती?"

ह्यांनी नळ आणखी मोठा केला.

"मी विचारतेय, किल्ली कुणाकडे होती? श्यामलीसुद्धा तुम्हाला न सांगता गेली का?"

बादली भरून वाहायला लागली. शेवटी नळ मीच बंद केला. हे तिथल्या स्टुलावर मटकन बसले. एवढा ताठ माणूस, पण चेहरा पार उतरला होता.

"मंदाकिनी," म्हणाले, "बाबुरावांना फोन लाव."

बाबुराव संध्याकाळी आले. ह्यांनी हात जोडले. "बाबुराव, चूक माझी. तो रंग आमच्या तुफानकडूनही आला होता. मोगरीचा काही दोष नव्हता. तिचं नाव परत घालतो, सगळ्या क्लबासमोर सांगतो. आणि हे पिल्लू जरा मोठं झालं की तुम्ही न्या."

बाबुरावांनी पिल्लू ओंजळीत घेतलं. अंगठ्याने त्याचं कपाळ कुरवाळत राहिले.

"मोगरी कशी आहे?" मी विचारलं.

"इथून घरी गेलो, वहिनी, आणि त्याच दिवशी ते पिल्लू मी बादलीत घातलं. वाटलं, साहेब एवढे जाणकार, ते कशाला खोटं बोलतील? आपलीच कुत्री वाईट." त्यांचा अंगठा पिल्लाच्या कपाळावरच राहिला. "मोगरी त्या बादलीपाशी बसून राहिली. अन्नाला तोंड लावलं नाही. गेली."

मला रडू आवरेना. हे जमिनीकडे बघत होते.

बाबुरावांनी पिल्लू उचलून ह्यांच्या मांडीवर ठेवलं.

"हे मी नेणार नाही, साहेब. तुमच्याच घरात वाढू दे. रोज सकाळी उठलात की तुम्हाला दिसलं पाहिजे."

चहासुद्धा न घेता ते गेले. मी दार लावून आत आले, तर हे तसेच बसलेले. मिटल्या डोळ्यांचं ते पिल्लू दूध शोधत ह्यांचं बोट चोखत होतं, आणि हे बोट काढून घेत नव्हते.