अजून थोडं

त्या घरातल्या न्हाणीघराचा नळ सदा गळायचा, आणि कारण काय, तर तो फार घट्ट बंद केला जायचा. एकानं बंद केला की मागून येणारा त्याला आणखी एक पीळ देणार, आणि झोपायला जाण्याआधी बाबा सगळ्या घरावरून हात फिरवताना परत एकदा. वॉशर किती दिवस तग धरणार? डब्यांची झाकणं तर अशी बसलेली असत, की ती उघडायला शेजारच्या दांडगट पोराला हाक मारावी लागे. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं हं. माणसं जीव लावणारी, पण दुसऱ्याच्या हातावर विश्वास म्हणून नाही.

या रोगाचं मूळ म्हणजे बाबा. पाना फिरवून झाला की क्षणभर थांबायचे, "अजून थोडं" असं पुटपुटायचे आणि शेवटचा एक झटका द्यायचे. गल्लीत त्यांना पाठीमागे ‘अजूनथोडे’ म्हणत. त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्यांना ते कौतुकच वाटलं होतं. आता काय बोलायचं!

त्यांची मोटरसायकल त्यांच्या लग्नाआधीची. ती बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून बसली होती आणि सुटे भाग मिळण्याचं नाव नव्हतं. इंजिनाच्या पोटाशी जुनं ऑइल सोडायला एक बोल्ट असतो. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे मऊ. ऑइल बदललं की बाबा बोल्ट आवळत. मग थोरला मुलगा, म्हणजे दादा, जाता जाता "बघू" म्हणून अर्धा फेरा देई. गाडी बाहेर काढण्याआधी बाबांचा आणखी एक. वर्षानुवर्षं हे चाललं आणि एक दिवस बोल्ट नुसताच गरगर फिरला. भोकातले पिळाचे आटे बोल्टाबरोबर चुऱ्यासारखे बाहेर आले.

मग सुताचे वेढे झाले, पांढरी टेप झाली, पुट्टी झाली. ऑइल मात्र गळतच राहिलं. शेवटी दादा म्हणाला, "बाबा, बारकीला सांगू या."

बारकी ही त्याची धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडली, डोकं पांढरं झालं, कारखान्यात लेथवर अर्धं आयुष्य गेलं, पण माहेरी अजून बारकीच. बाबांनी मान हलवली. "तिला कशाला? बाहेरच्या कुणाला तरी देऊ."

हे दादानं तिला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्याला नाही म्हटलं तरी काड्या घालायची हौस होतीच.

बारकीला ते लागलं. लागायला कारणही होतं. शिकत असताना परीक्षेसाठी तिनं लेथवर पहिला नट-बोल्ट केला होता. नट बोटानं हलकेच ढकलला की शेवटपर्यंत सरसर जायचा. मास्तरांनी तो सगळ्या वर्गाला दाखवला. घरी बाबांनी तो हातात घेतला, नट फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ढिला आहे." विषय संपला. त्यानंतर तिनं या घरात केलेल्या प्रत्येक कामावर त्यांचा पाना फिरला. सायकलीची चेन, पंख्याचा हुक, खिडकीची बिजागरी, एकही सुटलं नाही.

रविवारी सकाळी ती आली ती अट घेऊनच.

"मी करते. पण माझ्यामागून कुणी पाना लावायचा नाही. दादा, तूसुद्धा नाही."

"आणि ढिलं राहिलं तर?" बाबांनी विचारलं.

"तर माझं नाक कापा."

वहिनी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "वन्सं, नाक राहू द्या. आधी यांचे हात बांधा."

बाबांनी चहाचा घोट घेतला आणि "बरं" म्हणाले. त्या "बरं"वर कुणीच विश्वास ठेवला नाही.

इंजिन दादानं आणि बाबांनी आधीच उघडून ठेवलं होतं. रिकामं कवच मागच्या खोलीतल्या लाकडी टेबलावर होतं. काम असं होतं: खराब झालेलं भोक मोठं करायचं, त्यात नवे मोठे आटे पाडायचे, आणि बारकीनं कारखान्यातून करून आणलेला पितळी बुश, म्हणजे आखूड पोकळ नळी, त्यात कायमचा बसवायचा. बुशाच्या बाहेरच्या अंगाला मोठे आटे, आतून जुन्या बोल्टाच्या मापाचे. ऐकायला सोपं. पण भोक जरा तिरकं गेलं, तर दुसरं कवच जगात कुठं शोधायचं? गाडी मग नुसती शोभेला उभी राहणार, आणि बाबा जन्मभर म्हणणार, बाहेर द्यायला हवं होतं.

बारकीनं भोकाचं माप पुन्हा एकदा घेतलं. कारखान्यात ती यापेक्षा नाजूक कामं गप्पा मारत करायची. तिथं बाबा नव्हते.

ड्रिलचं काम नीट पार पडलं. मग तिनं टॅप घेतला, आटे पाडायचं ते हत्यार, त्यावर रॉकेल सोडलं आणि तो सरळ राहावा म्हणून भोकावर एक लोखंडी ठोकळा बसवला. टॅप फिरवायचा तो अर्धा फेरा पुढं आणि पाव फेरा मागं, म्हणजे धातूचा कीस तुटून पडतो. नुसतं पुढं दामटलं की अडकलाच.

दोन-तीन फेरे झाले नाहीत तोच बाबा खांद्यावरून वाकले. "सरळ जातोय ना? मागं कशाला घेतेस? जाऊ दे की पुढं. अजून थोडं."

बारकीनं हात थांबवले. भांडायला तोंड उघडलं होतं तिनं. पण त्यांचे हात पाहिले. दोन्ही हात हवेत, काहीतरी पकडायला आसुसलेले. त्या हातांना रिकामं राहायची सवयच नव्हती.

"बाबा, कवच हलतंय. जरा दाबून धरा ना."

हलत बिलत काही नव्हतं, टेबलावरच्या शिकंज्यात चांगलं आवळलेलं होतं. बाबांनी दोन्ही तळवे कवचावर ठेवले. बारकीनं परत फिरवायला घेतलं. अर्धा पुढं, पाव मागं. प्रत्येक वेळी कीस तुटताना बारीकशी थरथर व्हायची, ती तिच्या मनगटाला कळत होती आणि आता त्यांच्या तळव्यांनाही कळत असणार. एकदा टॅप जड झाला. तिनं जोर लावला नाही. उलटा फिरवून बाहेर काढला, कीस पुसला, रॉकेल सोडलं, पुन्हा घातला. बाबांनी डोळे मिटले होते.

आटे पडले. बुश लोक्टाइट, म्हणजे आटे पक्के धरणारा गोंद, लावून बसवला आणि सुकायला सोडला. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना ती आली, नवा तांब्याचा वॉशर घालून बोल्ट लावला, हाताला वॉशर बसल्याचं कळलं तिथून थोडा आवळला आणि थांबली. मग वहिनीकडून नेलपॉलिशची बाटली मागितली आणि बोल्टाच्या डोक्यावरून कवचापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटणार.

"म्हणजे पहारा का?" बाबा म्हणाले.

"पहाराच," ती म्हणाली.

पुढचा आठवडाभर बाबा आणि दादा इंजिन जोडून गाडीत बसवत होते. बोल्ट दिवसभर त्यांच्या नाकासमोर. रविवारी बारकी आली ती आल्याआल्या गाडीच्या पोटाशी वाकली. रेघ अखंड होती. तिला इतकं बरं वाटलं, की स्वतःचंच हसू आलं. ऑइल भरलं. बाबांनी किक मारली, इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गरम होईपर्यंत चालू ठेवलं, बंद केलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. सगळे त्या कागदाकडे बघत उभे राहिले. चहा झाला, तरी कागद कोरडा.

तेवढ्यात दादानं काडी घातलीच. "रेघ काय गं बारके, पुसून नवी मारता येते. बाटली तर घरातच होती."

झालं! हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा दुसरीकडे बघत होते. आवळला असेल? म्हणजे इतकं सगळं करून शेवटी परत त्यांचाच झटका? आतले नवे आटे ताणले असतील तर? ती उठली, पाना घेतला आणि गाडीशी खाली बसली. लावून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. हलकेच, जरासा.

"बारके, पाना खाली ठेव."

"नुसतं बघते, बाबा."

"ठेव म्हणतो ना!" बाबांचा आवाज चढला. मग उतरला. "अगं, आठवडाभर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसलोय मी. जेवणसुद्धा गोड लागलं नाही. कवच धरलं होतं ना, तेव्हाच कळलं मला, हे काम झालंय. आणि आता तू लावणार पाना? झालेल्या कामाला?"

बारकी पाना बोल्टाला टेकवून तशीच बसून राहिली. खरं की खोटं, एका झटक्यात कळलं असतं. हात शिवशिवत होता. हा हात कुणाचा, हे तिला त्या क्षणी नीट कळलं. तिनं पाना काढला आणि बाबांच्या हातात दिला. डोळे भरून आले होते, ते तिनं ऑइलच्या हातानंच पुसले, आणि गालभर काळं फासलं गेलं.

बाबांनी पाना फडक्यानं पुसून भिंतीवरच्या खिळ्याला टांगला.

"चल, बस मागं," ते म्हणाले. "आणि टाकीचं झाकण लाव तेवढं."

तिनं झाकण लावलं. बाबांनी त्याला हात लावला नाही.